फोर्ट बेंटनहून, तुझ्या नावानं

सुगत, तुझा फोन मी आज दुपारी बंद केला. आता तो माझ्या बॅगेत, चार्जरच्या वायरीत गुंडाळून ठेवलाय आणि मी मोंटानातल्या ग्रेट फॉल्सच्या छोट्याशा विमानतळावर बसलोय. विमान संध्याकाळी आहे. तू सोबत असतास तर 'चार तास आधी येऊन बसणारा पुणेकर' म्हणून माझी यथेच्छ टिंगल केली असतीस. कर. आज मी काही उलट बोलणार नाही.

आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून द्या, असा मेसेज आलाय. एक पानभर, फोटोसकट. जन्म, शिक्षण, कंपनी, मनमिळाऊ स्वभाव. तू मनमिळाऊ अजिबात नव्हतास. पॉटलकच्या जेवणाला कोणी इतिहासावर काही ठोकून दिलं, की हातातली प्लेट खाली ठेवून तू वाद घालायचास आणि तुझी बायको, कविता, लांबून डोळे मोठे करायची. ते पान मी लिहीन, किंवा नाही लिहिणार. त्याआधी तुला एक सांगायचंय, आणि ते दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. तुझ्या आईला मी आठ दिवस फसवलं.

पहिल्यापासून सांगतो. त्या शनिवारी बॅडमिंटन कोर्टवर मी तुझ्या समोर होतो. तू सर्व्हिस करायच्या आधी रॅकेट खाली टेकवलीस आणि म्हणालास, "थांब जरा." मी म्हटलं, "हरायला लागलास की तुझं हे असतंच. नाटकं करू नकोस, टाक सर्व्हिस." तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य हे आहे. तू खाली बसलास तेव्हाही मी जाळीच्या अलीकडे कमरेवर हात ठेवून उभा होतो. मग तुझ्याकडे धावलो, छाती दाबली, मोजत राहिलो, बाजूच्या कोर्टवरची एक चिनी मुलगी मला मदत करत होती. अँब्युलन्स आली. सगळं वेळेत झालं, तरी काही उपयोग झाला नाही.

हॉस्पिटलच्या त्या खोलीत, जिथे माणसांना बसवून बातमी सांगतात, तिथेच कविताचा फोन वाजला. नागपूरहून वर्षाताई, तुझी बहीण. ताईनं आधी रडून घेतलं आणि मग एकदम कोरड्या आवाजात म्हणाली, "आईला सांगायचं नाही. बायपासला दोनच महिने झाले. डॉक्टर म्हणाले आहेत, धक्का नको. तुम्ही दोघी मायलेकी इकडे पोचा, मग आपण सगळे जवळ बसून सांगू. तोवर कोणी काही बोलायचं नाही." कवितानं मान हलवली. फोनवर मान हलवलेली दिसत नाही, हेही तिच्या लक्षात आलं नाही. मग तिनं फोन माझ्याकडे दिला आणि ताई मलाच सगळं पुन्हा सांगायला लागली.

आपल्याकडे हे नवीन नाही. माझे मामा गेले तेव्हा आजीला महिनाभर 'तो टूरवर आहे' असं सांगत होते. तेव्हा मला ते फार समजूतदारपणाचं वाटलं होतं. पण ते मी लांबून पाहिलं होतं. तुझी आई मात्र रोज दोनदा तुला मेसेज करायची आणि तू उत्तर द्यायचास, मीटिंगमध्ये असलास तरी टेबलाखाली फोन धरून. एक दिवस उत्तर नाही गेलं तर ती ताईला विचारणार, दोन दिवस नाही गेलं तर सगळ्या नागपूरला. उत्तर कोणीतरी द्यायला हवं होतं. कविताला एक अक्षर टाइप करता येईना. तुझ्या लेकीनं, मैत्रीनं, तुझा फोन उघडून माझ्या हातात दिला. "It's my birthday, काका. पासकोड. Everyone knows," ती म्हणाली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

पहिला मेसेज समोरच होता. "जय भीम बाळा. जेवला का?"

तुझी आधीची उत्तरं मी मागे मागे जाऊन वाचली. नक्कल करायची तर मूळ बघायला हवं ना. तू फारसं काही लिहायचा नाहीस. "जय भीम आई. जेवलो. तू?" बस, एवढंच, वर्षानुवर्षं. मी तसंच लिहिलं आणि पाठवलं. पाठवल्यावर लक्षात आलं, की 'जय भीम' हे दोन शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिले, आणि तेही तुझ्या नावानं. अकरा वर्षांची आपली दोस्ती. तू बाकीच्या मित्रांना फोनवर मोकळेपणानं जय भीम म्हणायचास. मला मात्र 'हाय', नाहीतर 'काय रे पुणेरी'. सुरुवातीला एकदा मला म्हणाला होतास, आणि मी 'हाय' म्हणालो होतो. त्यानंतर तू कधी म्हणाला नाहीस. मी ते पाहिलं होतं, सुगत. मला कळलं होतं. सोपं होतं म्हणून मी तसंच चालू दिलं.

मंगळवारी तुला निरोप दिला. अटलांटाहून आलेल्या तुझ्या मित्रांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. मला शब्द येत नव्हते, मी हात जोडून उभा राहिलो. बाहेर आल्यावर मी कविताला विचारलं, "तेराव्याला काय करायचं, इथे करायचं की नागपूरला?" ती म्हणाली, "आमच्यात तेरावं नसतं, मंदार." चिडली नव्हती. तिला चिडायचंही त्राण नव्हतं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम नागपूरला, आईसमोर करू, एवढं ती म्हणाली. तुझ्या घरी मी शेकडो वेळा जेवलोय आणि मला हे माहीत नव्हतं.

आणि त्यातच ही सहल. ती तर तू आईला केव्हाच सांगून ठेवली होतीस. सप्टेंबरअखेरीस शुक्रवारी मी आणि मंदार मोंटानाला जाणार, फोर्ट बेंटन नावाचं गाव आहे, नदीवरचं जुनं बंदर. आईनं डायरीत लिहून ठेवलं होतं म्हणे. निवृत्त शाळामास्तरीण. बुधवारी तिचा मेसेज, "बॅग भरली का? थंडी असेल तिथं. कानटोपी घे." मी लिहिलं, "हो आई." मग कविताच म्हणाली, "तुम्ही जाऊन या. तिकीट आहेच. आई फोटो मागतील, कुठून आणणार? आणि तिथं नेटवर्क नसतं असं सांगता येईल, म्हणजे व्हिडिओ कॉलचा प्रश्न मिटेल." मला वाटतं, तिला मी चार दिवस डोळ्यांसमोर नको होतो. जो कोर्टवर समोर उभा होता तो माणूस रोज घरी येऊन सोफ्यावर बसतोय, हे तिला कसं सोसणार? मी गेलो.

या गावावरून आपण किती भांडलो होतो. मोंटानापर्यंत जायचं तर लोक ग्लेशियर बघतात, यलोस्टोन बघतात. आणि तू कुठलंतरी हजार-दीड हजार वस्तीचं गाव काढलंस. मी म्हटलं होतं, "समुद्र हजारो मैल लांब आणि याला म्हणे बंदर बघायचंय." तू म्हणालास, "म्हणूनच तर बघायचंय ना, यार. समुद्र नसताना बंदर करून दाखवलं त्यांनी. आम्ही नागपूरचे, आम्हाला त्याचं अप्रूप असणारच." दिवसभर लोकांच्या कंटेनरचं सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस सुट्टीतही बंदरच बघायला निघाला, म्हणून मी घरी अनघाजवळ तुला नावं ठेवली होती. शेवटी नाणेफेक झाली आणि तू जिंकलास. ते नाणं तू मला दाखवलंच नव्हतंस, त्यामुळे मला अजून शंका आहे.

गाव छान आहे रे. सगळीकडे कापलेल्या गव्हाची पिवळी रानं, झाड म्हणून दिसत नाही, आणि मग रस्ता एकदम खाली उतरतो आणि नदी दिसते. मिसूरी. काठानं कॉटनवुडची झाडं, तीही पिवळी पडायला लागलेली. नदीकडे तोंड करून एकच ओळ विटांच्या जुन्या इमारतींची. जुना लोखंडी पूल आहे, आता त्यावरून फक्त चालत जाता येतं. आगबोटी यायच्या त्या काठावर आता गवत लावलंय, बाकं टाकलीत. मी पहिल्या दिवशी एका बाकावर बसलो आणि डाव्या बाजूला जागा सोडून बसलो. नंतर लक्षात आलं आणि सरकून मधे बसलो.

हॉटेलमध्ये बुकिंग दोघांचं होतं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "टू गेस्ट्स, राइट?" मी म्हटलं, "ही इज पार्किंग द कार." का म्हटलं, देवाला ठाऊक. त्या बाईंना खरं सांगायला काय हरकत होती? पण खोटं बोलायची इतकी सवय झाली होती, की खरं आधी सुचतच नव्हतं. त्यांनी दोन किल्ल्या दिल्या आणि मी त्या दोन्ही घेतल्या.

म्युझियममध्ये एक आजोबा भेटले, तिथे हौसेनं माहिती सांगतात. सेंट लुईसहून इथवर यायला बोटींना दोन महिने लागायचे, वाटेत लाकूड तोडून बॉयलरमध्ये घालायचं, वाळूत रुतलं तर खांब रोवून बोट उचलून पुढे ढकलायची. सोनं, कातडी, दारू, सगळं इथे उतरायचं. मग रेल्वे आली आणि बोटी बंद झाल्या. तू असतास तर काय विचारलं असतंस ते मला बरोबर माहीत होतं, म्हणून मी तेच विचारलं: बोटी यायच्या आधी इथे जे राहत होते, त्यांचं काय झालं?  आजोबा मला आतल्या दालनात घेऊन गेले आणि ब्लॅकफीट लोकांबद्दल बराच वेळ बोलले. शेवटी म्हणाले, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. मला म्हणायचं होतं, हा माझा प्रश्न नाही. पण मी थँक यू म्हणालो आणि तुझं श्रेय खिशात घातलं.

तिथल्या बाकावर बसून मला तो दुसरा वाद आठवत राहिला, जो आपण कधी संपवलाच नाही. मंडळाच्या कार्यक्रमाहून परत येत होतो. एका काकांनी तुला तीन वेळा विचारलं होतं, "मूळचे कुठले? नाही, पण मूळचे?" आणि आडनाव पुन्हा सांगायला लावलं होतं. गाडीत मी म्हणालो, "सहज विचारलं असेल रे. इथे कोण बघतंय जात? इथे आपण सगळे देसीच." तू म्हणालास, "सहजच विचारतात. तुला कधी विचारलं का?" मी म्हटलं, "तू फार मनाला लावून घेतोस."  आपल्या अल्फारेटाची एक्झिट येईपर्यंत रेडिओ ऐकत आलो. आता ऐक. मला कधी कोणी विचारलं नाही. माझं आडनाव सांगितलं की माणसं हसून 'अरे वा' म्हणतात आणि विषय संपतो. तुझं बरोबर होतं, माझं चूक होतं, आणि हे मला त्याच रात्री घरी पोचायच्या आत कळलं होतं. या सहलीत गाडी चालवताना बोलू असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं.

तर फोटो. शुक्रवारी मी तुझ्या फोनवरून नदीचे चार फोटो पाठवले. दोन मिनिटांत उत्तर. "छान. वैनगंगेएवढी आहे का रे?"

आता सांग, मी वैनगंगा कधी पाहिली? तू तिच्या काठच्या आजोळच्या गोष्टी सांगायचास, उन्हाळ्यातल्या टरबुजांच्या वाड्या, आणि मी अर्ध्या ऐकायचो. मी इंटरनेटवर वैनगंगेची रुंदी शोधली. काही नीट सापडेना. मग अंदाजानं लिहिलं, "तिच्याहून लहान आहे आई." लगेच, "लहान? मग जहाजं कशी येत होती?" शाळामास्तरीण ती शाळामास्तरीणच. मी आजोबांनी सांगितलेलं सगळं लिहून काढलं, खांब, बॉयलर, लाकडं. तिनं लिहिलं, "एवढं मोठं लिहिलं आज! सुट्टीवर आहे म्हणून वेळ भेटला वाटते." मी घाबरलो. तू इतकं कधी लिहिलं नव्हतंस. पण ती खूश झाली होती रे. आणि तिथे मला मोह पडला. वाटलं, शेवटचे चार दिवस तिला मुलगा भरपूर बोलतोय असं मिळू दे. मी किती शहाणा आहे बघ.

शनिवारी सकाळी तिचा मेसेज, "नदीचे काय पाठवतो सारखे. तुझा पाठव."

मी पुलावर उभा राहून बराच वेळ तो मेसेज वाचत होतो. तुझे जुने फोटो चाळले. एकात मागे अटलांटाचं स्टेडियम, एकात मैत्रीचा वाढदिवस. कुठल्याच फोटोमागे ही नदी नव्हती. शेवटी एका बाईंना विनंती करून माझाच फोटो काढून घेतला आणि पाठवला. खाली लिहिलं, "हा मंदार." थोड्या वेळानं तिचं उत्तर आलं. "मंदार बारीक झाला का? तू फोटो काढून राहिला म्हणून तू दिसत नाहीस. पुढच्या वेळी त्याला काढायला सांग."

मला कारण शोधावंच लागलं नाही. तिनंच शोधून दिलं. मी पुलाचा कठडा धरून उभा राहिलो आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडलो. त्या बाई अजून तिथेच होत्या, त्यांनी विचारलं, आर यू ओके. मी म्हटलं, हो, उंचीची भीती वाटते.

त्याच सकाळी, तासाभरानं ताईचा फोन. मैत्रीचा पासपोर्ट मार्चमध्येच संपलाय, रिन्यू करतो करतो म्हणून तू केलाच नाहीस. आता आधी तो, मग तिचा व्हिसा. दोघींना निघायला अजून आठ दिवस. "तेवढं ओढून न्या," ताई म्हणाली. मी म्हटलं, "ताई, मला नाही जमणार. काकूंना सांगून टाकू या." ती म्हणाली, "मंदार, तिला काही झालं तर तुम्ही जबाबदारी घ्याल का? मी एक भाऊ घालवून बसले आहे. मला अजून काही घालवायचं नाही."  ती तुझी बहीण. मी कोण? बॅडमिंटनचा पार्टनर. मी 'बरं' म्हणालो.

आणि आज सकाळी. ताई घरी पोचली आहे, डॉक्टर येऊन गेलेत, काकूंचं बीपी ठीक आहे, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे तुला पुढचं नीट ऐकता येईल.

आठच्या सुमारास तुझा फोन वाजायला लागला. व्हिडिओ कॉल. तिकडे संध्याकाळ. मी उचलला नाही. मेसेज आला, "फोटो एवढे चांगले येऊन राहिले, मग नेटवर्क कसं नाही? उचल." चूक माझीच. नेटवर्क नाही असं सांगायचं आणि मिनिटा-मिनिटाला फोटो पाठवायचे. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी उचलला. का उचलला ते मला सांगता येणार नाही. वाजू देणं मला शक्य नव्हतं, एवढंच.

आधी नुसतं कपाळ आणि पंखा दिसला. मग तिनं फोन नीट धरला. "अरे, मंदार? तू? सुगत कुठं आहे?"

मी म्हटलं, "आंघोळीला गेलाय, काकू."

"असं का. मग थांबते मी."

"नको, मी सांगतो ना त्याला. तो करेल तुम्हाला."

"नको बापा. मग तुमचं ते नेटवर्क जाईल. थांबते ना, मला कुठं जायचं आहे?"

आणि ती थांबली. तिनं फोन डब्याला टेकवून ठेवला आणि ताटलीत लसूण सोलायला घेतला. माझ्याशी बोलत होती. तब्येत छान आहे म्हणाली, डॉक्टर म्हणाले पुढच्या महिन्यात जिना चढून बघा. बुधवारी शेजारच्या घरी नातीचं नामकरण होतं, तिथे जाऊन आली. तुम्ही दोघं तिकडं सोबत आहात म्हणून मला काळजी नसते, म्हणाली. मध्येच, "सांग त्याला, दाढी करत बसू नको. आई थांबली आहे."

मी उठलो, सुगत. बाथरूममध्ये गेलो आणि शॉवर सोडला. तिला आवाज यावा म्हणून. मग परत येऊन फोनसमोर बसलो. मी हे केलं. मला याची आयुष्यभर लाज वाटेल.

"पाण्याचा आवाज येऊन राहिला," ती म्हणाली. "करू दे निवांत. लहानपणापासून तसाच आहे." आणि हसली.

पाच मिनिटं गेली असतील. ती लसूण सोलत होती, आत रिकामं पाणी वाहत होतं, आणि मी तिच्याकडे बघत बसलो होतो. मला वाटत होतं, फोनची बॅटरी संपावी, ताई यावी, काहीतरी व्हावं. काही झालं नाही. शेवटी मी विचारलं, "काकू, वर्षाताई आहे का हो घरात?"

"दुकानात गेली. येते आता. का रे?"

मी बाथरूमच्या दाराकडे बघितलं. तिनं लसूण खाली ठेवला. चष्मा पुसून पुन्हा घातला आणि फोन उचलून चेहऱ्याजवळ धरला.  मग म्हणाली, "मंदार, ते पाणी बंद कर आधी."

मी जाऊन बंद केलं. परत येऊन बसलो.

"आत कोणी आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

  मी तिला बसून घ्या म्हटलं, ती बसलेलीच होती. मग मी सांगितलं. कोर्ट, शनिवार, अँब्युलन्स. तुला त्रास झाला नाही असं म्हटलं, ते खरं आहे की नाही मला माहीत नाही.

"कोणता शनिवार?"

"कालचा नाही. त्याच्या आधीचा."

तिनं बोटांवर मोजलं. मी बघत होतो, ती बोटांवर दिवस मोजत होती. "मग हे रोजचं 'जेवलो आई'? ते जहाजांचं?"

"मी लिहीत होतो, काकू."

"बुधवारी मी नामकरणाला गेले रे," ती म्हणाली. "नवी साडी नेसून गेले. पेढा खाल्ला. सगळ्या बायांसोबत पाळण्याचं गाणं म्हटलं मी. माझं लेकरू जाऊन चार दिवस झाले होते, अन् मी गाणं म्हटलं. हे मला कोण परत करून देईल?"

मी मान खाली घातली.

"बोल ना," ती म्हणाली. "एवढं मोठं मोठं लिहीत होता. आता बोल."

आठ दिवस ती विचारेल त्याचं मी तुझ्या नावानं काहीतरी उत्तर देत आलो, सुगत. आज तिनं मला विचारलं, माझ्या नावानं; आणि ताई दारात येईपर्यंत मी फोन धरून तिच्यासमोर बसून राहिलो.